परत आल्यावर काय?

काळप्रवासाच्या गोष्टींमध्ये मला कायम एक गोष्ट खटकत आलीय. माणूस जातो कसा यावर पानंच्या पानं खर्ची पडतात. यंत्र कसं होतं, दांडा कुठे होता, दिवे कसे लुकलुकले... तिथे काय पाहिलं यावर तर उरलेलं अख्खं पुस्तक. आणि परत आला की? संपलं! सुखरूप पोचला, पडदा. अहो, पण या माणसाला यापुढे तीस-चाळीस वर्षं रोज सकाळी उठून दूध आणायला जायचंय, त्याचं काय?

एच. जी. वेल्सची 'द टाइम मशीन' १८९५ सालची. या प्रकारातली सगळ्यांची आजीच म्हणायची. तिचा नायक आठ लाख वर्षं पुढे जाऊन येतो, धुळीने माखलेला, लंगडत. आल्याआल्या काय मागतो, तर मटण. (हे मला फार आवडतं. माणूस कुठूनही येऊ दे, आधी भूक लागते.) जेवण झाल्यावर मित्रांना सगळी हकीकत सांगतो. मित्रांचा विश्वास बसत नाही. आणि दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ पिशवी आणि कॅमेरा घेऊन पुन्हा पसार! तीन वर्षं झाली तरी परत आलेला नाही, असं सांगून पुस्तक संपतं. वेल्ससारख्या वेल्सने पण 'परत आल्यावर'चा प्रश्न टाळलाच की.

'बॅक टू द फ्यूचर' मध्ये तर (१९८५) माझ्या मते भयंकर गोष्ट घडते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मार्टी भूतकाळात जाऊन आईबापांची ओळख थोडी वेगळी घडवून येतो. परत येतो तर घर चकाचक, बाप आत्मविश्वासाने फिरतोय, आई सडपातळ, दारात नवीन गाडी. आनंदीआनंद. पण जरा विचार करा. ज्या घरात हा पोरगा सतरा वर्षं वाढला ते घर आता फक्त त्याच्या एकट्याच्या डोक्यात आहे. जेवताना भाऊ म्हणणार, "आठवतं का रे, आपण तिथे गेलो होतो?" आणि याला आठवणार नाही, कारण हा गेलेलाच नाही. जन्मभर मान डोलवत बसायचं. मला तर हा सिनेमा भयपट वाटतो. :)

जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' मध्ये मात्र शेवटी एक छोटीशी जागा आहे. गंगाधरपंत इतिहासाचे प्राध्यापक, अध्यक्षीय भाषणांचा हजारावा आकडा गाठायला आलेले. अपघात होतो आणि ते अशा जगात जाऊन पडतात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. परत आल्यावर मित्राशी त्याच्यावर शास्त्रीय चर्चा होते, ती सगळ्यांना आठवते. मला आठवतो तो त्यानंतरचा छोटा निर्णय. पंत पानिपतच्या परिसंवादाचं अध्यक्षपद नाकारतात. भाषणं बस्स झाली! परत आलेल्या माणसाच्या आयुष्यात नेमका काय फरक पडला हे दाखवायला नारळीकरांना दोन-तीन ओळी पुरल्या. पण त्या लिहाव्याशा वाटल्या, हे महत्त्वाचं.

आता आपल्या पुराणांकडे या. आपल्याकडे काळप्रवासी काही कमी नाहीत. मुचकुंद घ्या. देवांच्या बाजूने लढून लढून दमला, झोप मागून घेतली आणि गुहेत झोपला तो युगं उलटली. कृष्णाने कालयवनाला चकवून त्या गुहेत नेलं, त्याने मुचकुंदाला लाथ घातली, मुचकुंदाने डोळे उघडले आणि कालयवन भस्म. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण पुढे काय? मुचकुंद गुहेबाहेर येतो तर माणसं, जनावरं, झाडं सगळी खुजी झालेली. कलियुग आलं हे तो ओळखतो आणि सरळ उत्तरेला चालू लागतो. बदरिकाश्रमात, तप करायला.

दुसरा ककुद्मी. हा रेवतीचा बाप, कुशस्थळीचा राजा. मुलीसाठी स्थळ कुठलं बघावं हे विचारायला तिला घेऊन थेट ब्रह्मदेवाकडे गेला. तिथे गाणं चालू होतं, म्हणून बापलेक जरा थांबले. गाणं संपल्यावर विचारतो तर ब्रह्मदेव हसतो. म्हणतो, बाबा रे, तू ज्या मुलांची नावं मनात धरून आलायस ती, त्यांची मुलं, नातवंडं, कुणी उरलेलं नाही. सत्तावीस चतुर्युगं गेली! खाली जा, बलराम आहे, त्याला दे. ककुद्मी खाली येतो, मुलगी बलरामाला देतो, आणि... बदरिकाश्रमात जातो. तप करायला.

दोघेही एकाच पत्त्यावर! भागवतात दोन वेगवेगळ्या स्कंधांत या गोष्टी आहेत, पण सोय एकच. म्हणजे परत आलेल्या माणसाचं काय करायचं या प्रश्नाला आपल्या परंपरेचं उत्तर ठरलेलं आहे, त्याला हिमालयात पाठवा. घरात नको. आणि रेवती? ती बिचारी राहिली. सत्तावीस चतुर्युगांपूर्वीची मुलगी, सगळ्यांपेक्षा भलतीच उंच (बलरामाने नांगराने खाली ओढून तिला मापात आणलं अशी कथा आहे), द्वारकेच्या भरल्या घरात सून म्हणून नांदली. तिला कुणी विचारलं असेल का, की बाई, तुमच्याकडे कसं होतं? मला शंका आहे.

तर गोष्टी झाल्या. पण यंत्राशिवाय, शापाशिवाय, वरदानाशिवाय खरंच काळ ओलांडून आलेली माणसं आपल्या अगदी अलीकडच्या इतिहासात आहेत. परत आल्यावर त्यांचं काय झालं याच्या नोंदी आहेत. कुणी कल्पना लढवायची गरज नाही.

शोइची योकोई. जपानी सैन्यातला साधा शिपाई, मूळ धंदा शिंप्याचा. १९४१ मध्ये भरती, १९४३ पासून ग्वाम बेटावर. १९४४ मध्ये अमेरिकेने बेट परत घेतलं तेव्हा जी काही माणसं जंगलात पांगली त्यातला हा एक. तो सापडला १९७२ च्या जानेवारीत. कोळंबीच्या सापळ्यांपाशी दोन स्थानिक माणसांशी गाठ पडली, त्यांनी त्याला धरून आणलं. अठ्ठावीस वर्षं! शेवटची आठ तर एकट्याने, कारण जवळपास राहणारे दोन सोबती १९६४ मध्ये मेले. हा जमिनीखाली स्वतः खणलेल्या बिळात राहायचा. शिंपी असल्यामुळे त्याने झाडाच्या सालीचा धागा काढून, विणून कपडे शिवले होते. बटणांसकट. बघणारं कुणी नाही, शत्रूची भीती डोक्यावर, आणि हा काजं करतोय. धंदा अंगात भिनतो म्हणतात तो असा.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. युद्ध संपल्याचं त्याला १९५२ च्या सुमारास पत्रकांवरून कळलं होतं. तरी तो बाहेर आला नाही. शरण जाणं म्हणजे जिवंतपणी मरण, हे शिकवणच तशी होती. जपानात उतरल्यावर जिवंत परत आल्याची लाज वाटते, अशा अर्थाचं तो बोलला, आणि ते शब्द जपानीत वाक्प्रचार होऊन बसले. लोक गमतीने वापरायला लागले! माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात जड वाक्य, आणि त्याचा विनोद व्हायला काही महिने पुरले.

जपानकडे या प्रकाराला तयार उपमा होती. उराशिमा तारो नावाचा कोळी कासवाचा जीव वाचवतो, समुद्राखालच्या महालात तीन दिवस पाहुणचार घेतो, घरी येतो तर तीनशे वर्षं गेलेली. त्याला एक पेटी दिलेली असते, उघडू नको म्हणून. तो उघडतो आणि क्षणात म्हातारा होतो. जपानी पोरं ही गोष्ट लहानपणीच ऐकतात. त्यामुळे योकोईला 'आजचा उराशिमा' म्हणणं सगळ्यांना सुचलं. छान मथळा! पण उराशिमाच्या गोष्टीतही परत आलेला माणूस अर्ध्या तासात निकालात निघतो. योकोई त्यानंतर पंचवीस वर्षं जगला.

आणि बरा जगला, असं माझं मत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लग्न केलं, नागोयात घर केलं. टीव्हीवर बोलवणं यायची. काटकसरीने कसं जगावं यावर भाषणं द्यायचा. आणि सत्तरच्या दशकातला जपान म्हणजे धो धो भरभराट, त्यात हा माणूस सांगतोय की एवढं सगळं लागत नाही हो. १९७४ मध्ये निवडणुकीला उभा राहिला, पडला. पुढे मातीची भांडी घडवण्यात रमला. ग्वामला अनेकदा जाऊन आला. ज्या बिळातून सुटका झाली तिथे पुन्हा पुन्हा जावंसं का वाटावं? मला याचं आश्चर्य वाटत नाही. सगळ्या जगात तेवढी एकच जागा अशी होती जी त्याच्यासाठी न विचारता बदलून गेली नव्हती.

आईने १९५५ मध्येच त्याच्या नावाचा दगड उभा केला होता. परत आल्यावर तो स्वतःच्या थडग्यापुढे उभा राहिला. १९९७ मध्ये गेला तेव्हा त्याच दगडाखाली गेला. बेचाळीस वर्षं आधी बुक केलेली जागा!

दुसरा हिरू ओनोदा, हा जास्त प्रसिद्ध. हा अधिकारी, लेफ्टनंट. १९४४ च्या डिसेंबरात फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर पाठवला गेला, वय बावीस. काहीही झालं तरी मरायचं नाही, लढत राहायचं, हा हुकूम. त्याने तो १९७४ च्या मार्चपर्यंत पाळला. सोबत तिघं होते. एक १९४९ मध्ये निघून गेला आणि पुढे शरण गेला, एक १९५४ मध्ये, एक १९७२ मध्ये चकमकीत मेला. विमानातून पत्रकं टाकली, घरच्यांची पत्रं, फोटो टाकले, तरी हे सगळं शत्रूचं नाटक आहे असंच याने ठरवलं. यांच्याकडे पुढे पुढे ट्रान्झिस्टर पण होता बरं का! म्हणजे बातम्या पोचत नव्हत्या असं नाही. पोचणारी प्रत्येक बातमी आपल्या जुन्या चौकटीत बसवून घ्यायची कला होती. (ही कला अवगत असलेली, कधीही जंगलात न गेलेली माणसं तुमच्याही ओळखीत असतील.)

शेवटी नोरिओ सुझुकी नावाचा एक भटका तरुण 'ओनोदाला शोधायला' म्हणून निघाला आणि त्याने खरंच शोधला. ओनोदा म्हणाला, माझ्या वरिष्ठाने हुकूम दिला तरच येईन. तो वरिष्ठ, मेजर तानिगुची, तोवर पुस्तकविक्रेता झालेला. त्याला विमानाने आणलं, त्याने जंगलात उभं राहून हुकूम वाचला, आणि एकोणतीस वर्षं चाललेलं युद्ध संपलं.

इथे मला थोडं थांबायचंय. कारण ही गोष्ट निष्ठेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ईमेलमधून फिरते, व्याख्यानांत वापरतात. त्यात लुबांगचे लोक नसतात. या वर्षांमध्ये या चौघांच्या हातून तिथले सुमारे तीस गावकरी मारले गेले. शेतकरी, कोळी. त्यांच्यासाठी युद्ध १९४५ मध्ये संपलं होतं, ते शेतात नांगरायला गेले होते आणि भूतकाळातून गोळी आली. फिलिपिन्सचे अध्यक्ष मार्कोस यांनी ओनोदाला माफी दिली. ज्यांची माणसं गेली त्यांना कुणी विचारलं होतं का, हे माफीच्या कागदावर लिहिलेलं नसतं. काळप्रवास म्हणजे एकट्याचा प्रवास, हा आपला गैरसमज आहे. जाणारा दुसऱ्यांच्या काळातून तुडवत जातो.

तर ओनोदा जपानात आला. हजारोंचा जमाव, कॅमेरे, आत्मचरित्र त्याच वर्षी छापून तयार. सरकारी कागदात तो १९५९ पासून मेलेला होता. आणि तुम्हाला माहितीये, त्याने काय केलं? वर्षभरात, १९७५ मध्ये, तो ब्राझीलला निघून गेला! मातो ग्रोसोच्या माळरानावर जपानी वसाहत होती, तिथे गुरं पाळायला. भाऊ ब्राझीलमध्ये होताच. पन्नाशी ओलांडलेला माणूस नव्याने भाषा, धंदा, हवामान शिकायला बसला. १९७६ मध्ये लग्न केलं.

मला हे फार शहाणपणाचं वाटतं. घरी परत येऊन तो पाहुणाच राहिला असता. परदेशात पाहुणा असणं निदान रीतसर असतं. ब्राझीलमध्ये त्याला पोर्तुगीज येत नाही यात कुणाला नवल वाटणार नव्हतं. जपानमध्ये जपानी माणसाला जपान कळत नाही, ही मात्र रोजची शोभा.

आणि तो परत आलाही. १९८० मध्ये जपानात एका तरुणाने आईवडिलांचा खून केल्याची बातमी त्याने वाचली, आणि १९८४ मध्ये येऊन मुलांसाठी निसर्गशाळा काढली. आग कशी पेटवायची, रानात कसं राहायचं, असलं शिकवायची. म्हणजे एकोणतीस वर्षांत जे एकच जमलं होतं तेच कामाला लावलं. १९९६ मध्ये तो लुबांगला गेला आणि तिथल्या शाळेला दहा हजार डॉलर दिले. ते पुरेसे होते का? नव्हते. काही घरांना ते चालले नसणार. तो २०१४ च्या जानेवारीत एक्क्याण्णवाव्या वर्षी वारला.

या दोघांना निदान परत यायला एक देश होता. तिसऱ्याचं काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही.

इंडोनेशियाच्या मोरोताई बेटावर १९७४ च्या डिसेंबरात आणखी एक जपानी सैनिक सापडला, तेरुओ नाकामुरा. ओनोदाच्याही नंतर. पण नाकामुरा जपानी नव्हताच. तो तैवानच्या आमिस या आदिवासी जमातीतला, खरं नाव अत्तुन पलालिन. तैवान जपानची वसाहत असताना भरती झालेला. तो सापडला तेव्हा तैवान जपानचं उरलं नव्हतं, राज्य चिनी बोलणाऱ्यांचं होतं, ती भाषा याला येत नव्हती. ज्या देशासाठी तीस वर्षं झाडीत काढली त्या देशाचा तो नागरिकही राहिला नव्हता. जपानी सरकारने हिशेब करून त्याला देऊ केले अडुसष्ट हजार येन. ओनोदाच्या मिरवणुकीला वर्ष पण झालं नव्हतं! लोकांनीच ओरड केली, मग वर्गण्या निघाल्या, आणखी रक्कम मिळाली. १९७५ च्या जानेवारीत तो तैवानला पोचला. तिथे कागदोपत्री त्याचं नाव ली ग्वांग-हुई. बायकोने तो मेला समजून दुसरं लग्न केलेलं. तीन नावांचा हा माणूस १९७९ मध्ये कॅन्सरने गेला, परत आल्यापासून साडेचार वर्षांत.

म्हणजे बघा, तिघांचा प्रवास जवळजवळ सारखाच. तीस-तीस वर्षांची उडी. पण पुढचं आयुष्य कसं गेलं ते उडीवर ठरलं नाही. उतरताना खाली कोण उभं होतं, त्याच्यावर ठरलं.

ताजं उदाहरण हवं तर सर्गेई क्रिकालेव. १९९१ च्या मे महिन्यात सोव्हिएत युनियनमधून 'मीर' स्थानकावर गेला, १९९२ च्या मार्चमध्ये उतरला तेव्हा सोव्हिएत युनियनच नव्हतं, आणि त्याच्या लेनिनग्राडचं सेंट पीटर्सबर्ग झालेलं. ३११ दिवसांत! पण त्याचं बरं चाललं, कारण त्याचं काम शिल्लक होतं. १९९४ मध्ये अमेरिकेच्या शटलमधून गेला, २००० मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या पहिल्या तुकडीत. देश बदलला पण पाना-पेचकस तोच. अवकाशात एकूण ८०३ दिवस राहिल्यामुळे आईनस्टाईनच्या हिशेबाने तो आपल्यापेक्षा सेकंदाचा पन्नासावा भाग पुढे आलाय म्हणे. तेवढं चालायचंच.

आता हे सगळं पुराण कशासाठी, तर घरातल्या एका विषयासाठी. नातेवाईक मंडळी हे वाचतात हे मला माहीत आहे, म्हणूनच लिहितेय.

आमचे एक काका १९९१ मध्ये मस्कतला गेले आणि २०१८ मध्ये चिपळूणला कायमचे परत आले. सत्तावीस वर्षं. "पण ते तर दर दोन वर्षांनी यायचे की!" हो, यायचे. महिनाभर. त्या महिन्यात घराला रंग लावलेला असायचा, ताटात रोज मासे असायचे, भांडणं पुढे ढकललेली असायची. पाहुण्याला दाखवतात ते घर वेगळं. काका सत्तावीस वर्षं त्या घरात परत यायची स्वप्नं बघत होते आणि आले ते दुसऱ्याच घरात. ट्रंकेत जुन्या हजाराच्या तीन नोटा निघाल्या, नोटबंदी होऊन दोन वर्षं झालेली. सगळे हसले. काळप्रवाशाच्या खिशात न चालणारं नाणं निघतं हा तर या गोष्टींमधला ठरलेला प्रसंग, पण त्या नोटा त्यांनी ऊन डोक्यावर घेऊन मिळवल्या होत्या.

आणि आता कुठल्याही लग्नाकार्यात काकांचा विषय निघाला की ठरलेली वाक्यं. त्यांना काही कळत नाही. सारखं मस्कत मस्कत करतात. काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन डबे बदलून ठेवतात. कशाला आले, तिथेच बरे होते.

यातलं डब्यांचं खरं आहे. आणि मी काकूंच्या बाजूची आहे हे आधी सांगून टाकते. सत्तावीस वर्षं त्या बाईने सासू-सासऱ्यांची आजारपणं काढली, दोन मुलं वाढवली, विहिरीवर मोटर बसवली, कोर्टात जमिनीच्या तारखांना गेली. तिचाही काळ गेलाय, तोही न विचारता. आता एक माणूस येऊन विचारतो की हळदीचा डबा इथे का? तर राग येणारच. परत येणाऱ्याची जेवढी पंचाईत तेवढीच ज्यांच्याकडे तो परत येतो त्यांची. अत्तुन पलालिनच्या बायकोचं काय चुकलं होतं?

पण "कशाला आले" हे मला मान्य नाही. हे बदरिकाश्रमाचं तिकीट काढून देणं झालं. ज्यांच्या पैशातून घराला वरचा मजला चढला त्यांनी त्या घरात गप्प बसावं, आणि हवं तर बाहेर ओसरीवर पेपर वाचावा, ही आपली सोय. जाणाऱ्याला निरोप द्यायला अख्खी आळी जाते, पैसे येतात तेव्हा सगळ्यांना आनंद, आणि माणूस आला की त्याची अडचण!

"ते सारखं तिकडचंच बोलतात" यावर माझं म्हणणं असं की आपण त्यांना विचारतो काय? गेल्या सात-आठ वर्षांत मी नीट लक्ष देऊन ऐकलंय. उन्हाळा किती असतो, सोनं स्वस्त का, आणि परत जावंसं वाटतं का. बस्स. योकोईला पण लोक तेच तेच विचारायचे असणार, उंदीर खाल्ले का, भीती वाटली का. पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा कुणीच विचारत नाही, म्हणून माणूस पहिल्याचंच उत्तर वर्षानुवर्षं देत बसतो आणि मग आपण म्हणतो, सारखं तेच बोलतात.

मी मागच्या गणपतीत त्यांना विचारलं की काका, तिकडे तुम्ही नक्की करायचात काय? आम्हाला फक्त 'कंपनीत' एवढंच माहीत. तर ते एसीचं काम करायचे. मोठ्या इमारतींचे पत्र्याचे डक्ट. पत्रा कसा मापायचा, वळणावर हवा अडू नये म्हणून कोपरा कसा काढायचा, हे त्यांनी मला पाऊण तास कागदावर काढून दाखवलं. मला त्यातलं निम्मं कळलं. त्या पाऊण तासात मस्कत हा शब्द एकदाच आला. काकू पण येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हे मला कधी सांगितलं नाहीत." काका म्हणाले, "फोनवर मिनिटाला पैसे पडायचे."

योकोईने भांडी केली, ओनोदाने पोरांना आग पेटवायला शिकवलं, क्रिकालेव पुन्हा वर गेला. मुलांनो (म्हणजे माझ्या चुलत भावांनो), तुमच्या ओळखीत वर्कशॉप आहेत, आयटीआयमध्ये शिकवणारे मित्र आहेत. काका सत्तर वर्षांचे आहेत, हात चालू आहेत, पत्र्याचं काम येणारी माणसं मिळत नाहीत अशी ओरड तुम्हीच करता. महिन्यातून चार दिवस दोन पोरांना शिकवायला त्यांना कुणीतरी बोलवा. पैसे नकोत त्यांना. दिवाळीला सगळे जमणार आहोत तेव्हा मी हा विषय काढणारच आहे, तोवर विचार करून या.

आणि डब्यांचा प्रश्न त्या दोघांवर सोडा. गेल्या महिन्यात गेले होते तर हळद पुन्हा काकूंच्या जागी होती, पण चहाचा डबा काकांनी ठेवला होता तिथेच होता.